विंटर टायर

सकाळपासून अतुल तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये जाऊन आला. फोनवर पुन्हा वेदर बघितलं. गुरुवारी ईडन प्रेरीत सहा इंच स्नो.

"गाडीला विंटर टायर टाकूनच घेतो," तो म्हणाला.

"स्पोर्ट्स कारला?" पोहे परतता परतता उपासना हसली. "मार्चपर्यंत झाकून ठेव ना. मागच्या विंटरसारखा सत्यजितच्या कारपूलमध्ये जा. ऑफिस एकच, आणि सगळी आपलीच मराठी माणसं."

"त्यांचं टायमिंग जमत नाही."

"मागच्या वर्षी जमत होतं." तो खिडकीशी जाऊन परत आला, तशी ती पुढे म्हणाली, "बरं बाबा, एवढी हौसच असेल तर मागचे दोन टायर बदल. पण काही झालं होतं का रे तिथे?"

"कुठे काय. सत्यजितने विचारलं, काळे म्हणजे नेमके कुठले काळे? म्हटलं, नागपूरचे. तर म्हणाला, तसं नाही रे, म्हणजे तुम्ही लोक कोण?"

"मग?"

"सांगितलं, बौद्ध. मग ऑफिस येईपर्यंत गाडीत फक्त वायपरचा आवाज. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे मला अहो-जाहो करायला लागले."

उपासनाने गॅस बंद केला. ओले हात ओढणीला पुसले, त्याच्या हातातला फोन घेतला आणि टायरवाल्याला लावून उद्याचीच अपॉइंटमेंट मागितली.

"दोन नाही," ती म्हणाली, "चारही."