चिकटू नये म्हणून

तुळजापूरच्या लॉजवाल्यांसाठी सोनाली घरीच पाव करायची. मळलेलं पीठ फुगायला बांबूच्या टोपलीत ठेवायची, आणि चिकटू नये म्हणून आधी टोपलीत तांदळाचं पीठ जाडसर भुरभुरायची. ते दिसलं की सासू कस्तुराबाई करवादायच्या.

"पीठ आन टोपली एका जागी ठिवू नगं, बाय. माणूस गेल्यावर त्याच्या जागेवर पीठ पसरत्यात, दिवा ठिवत्यात आन वर टोपली झाकत्यात."

"आत्या, तुम्ही आता टोपलीलाबी भ्यायला लागलाव," सोनाली हसायची.

मोटारसायकल घसरल्यापासून सोनालीचा नवरा कृष्णराज सोलापूरच्या दवाखान्यात पडून होता. आज दुपारी तिकडून फोन आला. सोनाली परसात जाऊन बोलली, मग तोंड धुऊन आत आली.

"कसाय गं माझा कृष्णा?"

"बरंय म्हणं, आत्या. उद्या घरी आणतेत."

सांजेला कस्तुराबाई भिंत धरत आतल्या खोलीत गेल्या. लेक निजायचा त्या कोपऱ्यातली गादी गुंडाळून ठेवली होती. तिथं फरशीवर पीठ पसरलेलं होतं आणि त्यावर टोपली पालथी.

"हे काय गं?"

"पावाचंच हाय," सोनाली दारातूनच म्हणाली. "चिकटू नये म्हणून."

कस्तुराबाई टोपलीच्या विणीकडं बघत राहिल्या. मग हळूच टोपलीजवळ खाली बसल्या.

 

"दिव्यात तेल घाल, पोरी. सकाळपर्यंत पुरायला पायजे."