गॅस्केटचा खर्च

कोडोलीच्या आण्णांची गाडी दर सोमवारी आणि गुरुवारी सर्जेराव मिस्त्रीच्या गॅरेजसमोर थांबायची. इंजिनाचं गॅस्केट गळत होतं, ऑइल टिकत नव्हतं. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी झुंबरबाई उशीला टेकून, डोळे मिटून बसलेल्या असायच्या.

"आण्णा, इंजिन खोलाय लागतंय. चौदा हजार हुतील. चार दिवस गाडी हितंच सोडा."

"चार दिवस?" आण्णा मान हलवायचे. "नगं. आज नुसतं ऑइल वत."

मिस्त्रीनं पुढच्या खेपेला बारा सांगितले, मग दहा सांगितले. आण्णांचं उत्तर बदललं नाही. गाडी वळली की मिस्त्री शेजारच्या चहावाल्याला म्हणायचा, "लई चिकट म्हातारा. मरंल, पण पैसा सोडणार न्हाय!"

आज आण्णा एकटेच आले. त्यांनी किल्ली मिस्त्रीच्या हातात ठेवली.

"खोल इंजिन. तुझं पयलं चौदा हजारच घे."

मिस्त्री चपापला. "पण आण्णा, चार दिवस तर लागणारच."

"म्हैना लागू दे की." मागच्या सीटवरची उशी काढून काखेत धरत आण्णा म्हणाले, "डायलिसिसला न्यायाला आता कोण हाय?"