दुपारचं खाणं

मेलेली कोंबडी शेडमागच्या दगडी ओट्यावर उताणी पडली होती आणि जावई हातमोजे चढवत होता. सासऱ्याने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. समोर बाकावर खाद्यवाल्यालाही आणून बसवलं होतं. कोंबड्या रोज मरत होत्या, अंडी निम्म्यावर आली होती. खाद्यवाल्याने पोत्यांत विष कालवलं, असं सासरा चारचौघांत बोलून बसला होता. आता जनावरांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जावयाच्या तोंडून तेवढं वदवून घ्यायचं बाकी होतं.

"करा सुरुवात, जावईबापू. याच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

जावयाने पोट उघडलं. कातडीखाली बोटभर जाड चरबी. आत पिवळं पडलेलं यकृत, इतकं ठिसूळ की चिमटा लागताच तुकडा पडला. भोवती साकळलेलं काळं रक्त. खाली पिकलेले बलक एकमेकांवर दाटलेले, काही पोटातच फुटलेले.

"विष नाही, मामा. जास्त खाऊन मेली."

खाद्यवाल्याने मान वर केली. सासऱ्याच्या कपाळावरची शीर तटतटली.

"खाऊन कोणी मरतं?"

"ही जात मरते. मांसासाठी पैदा केलेली, पुरे म्हणणं हिला ठाऊकच नाही. दाणा पोटात गेला की रक्तातलं इन्सुलिन पेशींना निरोप देतं, साखर आत घ्या. तोच निरोप दिवसभर आदळत राहिला की पेशी बहिऱ्या होतात. मग यकृत चरबी साठवत सुटतं. एका वेळी किती बलक पिकवायचे, त्याचाही ताळ सुटतो."

"निरोप काय, बहिऱ्या पेशी काय. माझ्या पोरीला मागणी घालायला आलात तेव्हाही असंच गोड बोलला होतात."

"सकाळी एकदाच आणि मोजून घाला, हे मी पहिल्या पोत्याबरोबरच सांगितलं होतं," खाद्यवाला म्हणाला.

"तू तोंड उघडू नकोस."

मुलगी शेडच्या दारात उभी होती. सकाळचं खाणं तीच येऊन तोलून घालायची. "बाबा दुपारी परत घालतात," ती बापाकडे न बघता नवऱ्याला म्हणाली. "मी नको म्हटलं, तर म्हणाले, हात आखडता घ्यायला सासरी शिकलीस."

उपाशी जीव सासऱ्याला बघवत नसे. त्यात चुकलं काय, हे त्याला अजूनही कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की खाद्यवाला ऐकतो आहे.

"संध्याकाळी कोंबडीपालकांच्या संघाच्या बैठकीत विष सापडलं असं सांगायचं," तो जावयाला म्हणाला. "मी तिथे शब्द देऊन बसलोय."

"खोटं नाही सांगणार."

"मग या घराचा उंबरा पुन्हा चढू नका."

जावयाने हातमोजे उतरवले, नळावर हात धुतले आणि फाटकाकडे चालू लागला. मुलीने कमरेचं फडकं सोडून ओट्याच्या कडेला ठेवलं.

"ते तुला नव्हतं म्हटलं मी," सासरा म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली, आणि नवऱ्यामागे गेली.

खाद्यवाला उठला. "बैठकीला मीही येतोय," एवढंच बोलून तोही निघाला.

सासरा एकटाच शेडमध्ये शिरला. त्याची चाहूल लागताच कोंबड्या धावत आल्या. धावत कसल्या, डुलत, धापा टाकत, एकमेकींत अडखळत. एक अर्ध्या वाटेतच बसली. चोच उघडी, मान कलंडलेली.

त्याने मक्याची बादली उचलली, तिच्यापाशी उकिडवा बसला आणि ओंजळ भरून तिच्या चोचीशी धरली.

"खा गं," तो म्हणाला. "बघतो कोण मोजतं ते."