तिसऱ्या गोलाचा चेंडू

फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणाऱ्याला तो चेंडू घरी न्यायला मिळतो, सहकाऱ्यांच्या सह्यांसकट. सामना संपल्यावर वेस्लीचा चेंडू सह्यांसाठी संघाच्या खोलीभर फिरत होता. तिसरा गोल खरं तर बचावफळीत चौदा वर्षं काढून आज निवृत्त होणाऱ्या नेव्हिलने डोक्याने मारलेला, कारकिर्दीतला त्याचा पहिलाच. पण वेस्लीने हात उंचावून "मला लागून गेला" म्हटलं आणि मैदानावरच्या भोंग्याने त्याचंच नाव पुकारलं. "कुठे लागला रे, केसांना?" गोलरक्षकाने विचारलं. वेस्लीच्या तुळतुळीत टकलाकडे बघून सगळे खिदळले, तोही हसला. नेव्हिल मात्र सही करता करता म्हणाला, "पोरगी म्हणाली, बाबा, तुझाच होता. म्हटलं, नाही गं, वेस्लीकाकाचा." वेस्लीने कबूल करायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "चेंडू वर धर, हस की!" तो हसला. चेंडू खाली घेतला तेव्हा नेव्हिलची ओली सही वेस्लीच्या अंगठ्यावर उमटलेली होती.