हार्कडेलचा शेवटचा हार्कडेल

मेंढी दोन गुडघ्यांत दाबून एडगर लोकर कातरत होता, तेवढ्यात ती बाई मागून येऊन त्याच्या गळ्यातच पडली.

"अरे एडगर! मी नोएलीन हार्कडेल! ऑस्ट्रेलियाहून आलेय. आपण भाऊबहीण लागतो रे!"

अर्ध्या अंगाची लोकर लोंबकळवत मेंढी पळाली. एडगरने कपाळाला हात लावला. उन्हाळा आला की हा ताप ठरलेलाच. कॅनडाचे हार्कडेल, टास्मानियाचे हार्कडेल, ओहायोचे हार्कडेल. गावाच्या पाटीला मिठी मारून फोटो काढायचे, त्याच्या दारात उभं राहून डोळे पुसायचे आणि मग संडास कुठे म्हणून विचारायचं. आपल्या आडनावाचं गाव यॉर्कशरच्या डोंगरात आहे, याचंच त्यांना केवढं कौतुक. त्या गावात त्याच आडनावाचा एक म्हातारा अजून जिवंत आहे म्हटल्यावर तर विचारूच नका.

नोएलीनच्या हातात मात्र कॅमेरा नव्हता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात तिच्या बापाची रक्षा होती.

"बाबांना इथल्या चर्चच्या आवारात पुरायचंय," ती म्हणाली. "पाद्रीबाई म्हणाल्या, गावात न राहिलेल्याला तसा हक्क नाही. पण चर्चच्या समितीवर तू आहेस, गावाच्या नावाचाही तूच. तू हो म्हणालास तर त्यांची हरकत नाही. उद्या माझं विमान आहे."

"मग विमानातून परत ने," एडगर म्हणाला.

त्याची बायको इनिड चहाची किटली घेऊन बाहेर येत होती. "एडगर! निदान बस तरी म्हण तिला."

"बसायला काय जातंय? आज हिचा डबा घेतला की उद्या दहा येतील. जिवंत असताना एक जण फिरकत नाही, मेल्यावर बरं गाव आठवतं!"

नोएलीन दगडी कुंपणाच्या कडेला बसली. गळ्यात पडतानाचा तिचा उत्साह कुठल्या कुठे गेला होता. "आजोबांचे आजोबा इथून ब्रॅडफर्डच्या लोकरगिरणीत गेले. गिरणी बंद पडली तेव्हा लिव्हरपूलला बोटीत बसले. बाबांनी सगळा जन्म तिकडे रेल्वेत काढला, हे गाव कधी पाहिलंही नाही. पण शेवटी एकच धोशा, मला घरी न्या. आम्ही म्हणायचो, बाबा, घरीच आहात तुम्ही. तर रडायचे."

एडगरला तिची दया आली आणि दया आली म्हणून तो जास्तच चिडला.

"हे बघ बाई. तुम्ही गेलात ते गेलात. आम्ही नाही हललो. हजार वर्षांपूर्वी नॉर्मन लोक इंग्लंडवर चालून आले, त्याच्याही आधीपासून हार्कडेल हार्कडेलमध्येच आहेत. बाकी सगळे उपरे. हिच्या माहेरचे आल्डरसनसुद्धा."

"झालं सुरू," इनिड कप मांडत पुटपुटली. लग्न झाल्यापासून ती हे ऐकत होती. तिच्या बापाचं घर ओढ्यापलीकडे होतं आणि बापाच्या वाडवडिलांच्या कबरी चर्चच्या मागे इतक्या जुन्या होत्या की त्यांवरची अक्षरं कधीच झिजून गेली होती. पण आडनाव पडलं आल्डरसन, त्यामुळे नवऱ्यापुढे तिचं काही चालत नसे.

"पण मग एक सांग," नोएलीनने विचारलं. "गावावरूनच नाव पडायचं, तर गावात सगळेच हार्कडेल का नाहीत?"

एडगरचा संयम संपला. "अगं, डोकं आहे की खोकं? इथे उभं राहून कुणी कुणाला 'ए हार्कडेलवाल्या' म्हणेल का? इथे सगळेच हार्कडेलचे! इथे माणूस बापाच्या नावाने ओळखतात. आल्डरचा पोरगा, झाला आल्डरसन. गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडून बाहेर गेल्यावर! परक्या मुलखात लोक विचारतात, कुठला रे तू? हार्कडेलचा. की मग तो आणि त्याची पोरंबाळं जन्मभर हार्क..."

तो थांबला.

इनिडने किटली खाली ठेवली. आधी तिचे खांदे हलले, मग ती तोंडाला एप्रन लावून हसली. "बोल ना. जन्मभर काय?"

"गप गं."

"म्हणजे तुमचा मूळपुरुष घरातून पळालेलाच की रे! नाव बाहेर कमावलं आणि मग आला परत."

एडगरने टोपी काढली, परत घातली. रागवायला आता कुणी उरलं नव्हतं, तेव्हा तो नोएलीनवरच खेकसला.

"मला काय विचारत बसलीस? हिला विचार. गाव हिचं आहे."

इनिडने तोवर डबा उचलून काखेत धरला होता. "चल गं, चर्च चढावर आहे, सावकाश जाऊ," ती नोएलीनला म्हणाली. "परत आलेल्या हार्कडेलला आम्ही जागा देतो. याच्या घराण्यालाही दिलीच होती."