खंडेनवमीची तपासणी

खंडेनवमीच्या सकाळीच जर्मन शस्त्रपरवाना कचेरीचे अधिकारी फोग्टसाहेब न कळवता तपासणीला आले, आणि त्यांनी गौरांगला त्याची रायफल दाखवायला सांगितलं. रायफल नियमाप्रमाणे कुलपातच होती. पण लोखंडी कपाट उघडलं, तर दस्त्याला हळदकुंकू, नळीला झेंडूची माळ आणि पुढ्यात पेढा!

"हे काय?"

"ज्याच्यावर आपलं चालतं, त्याची आम्ही आज पूजा करतो."

"तुम्ही तर इंजिनियर. रायफलवर तुमचं काय चालतं?"

आता परवाना गेलाच असं धरून गौरांगने खरं ते सांगून टाकलं. "पोट लॅपटॉपवर चालतं, त्याला हार बाहेर घातलाय. पण डोकं आठवडाभर दहा ठिकाणी धावत असतं. शनिवारी नेमबाजीच्या क्लबात हिला खांद्याला लावली, की ते समोरच्या काळ्या ठिपक्यावर गपगुमान येऊन बसतं."

फोग्टसाहेबांनी बॅगेतून फॉर्म काढला, 'सर्व नियमानुसार' असं लिहून त्यावर शिक्का मारला. मग तो शिक्का बॅगेत न टाकता त्यांनी हळूच पेढ्याशेजारी ठेवला.

"तर मग, माझं याच्यावर चालतं."