धाकटीच्या वाट्याचं ऊन

गच्चीवर सोलर पॅनल बसले आणि थोरल्या जावेच्या पोटात दुखायला लागलं. धाकटीच्या खोलीवरच्या पॅनलना ऊन जास्त, म्हणजे विजेचा मलिदा तिलाच! मग रोज सकाळी थोरलीची ओली चादर नेमकी त्याच पॅनलवर वाळू लागली.

आठवड्याभरात अख्ख्या घराची वीज निम्म्यावर आली.

वायरमन म्हणाला, "अहो, सगळे पॅनल एकाच माळेत जोडलेत. एकावर सावली पडली तरी सगळी माळ बसते. वर काही टाकलंय का कुणी?"

"छे, कोण टाकणार!" म्हणत थोरली जिन्याकडे धावली.

वर धाकटी आधीच पोचली होती. थोरलीच्या खोलीवरच्या पॅनलवरून घाईघाईने आपला पलंगपोस ओढत होती.

"वाळला का गं?" थोरलीने विचारलं.

"हो जाऊबाई. तुमची चादर?"